पाणी जातं कुठे

गाडीचं पाणी कमी झालं की वरून पाणी टाकायचं, ही सवय आपल्याकडे इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात कुणाला काही वावगं दिसत नाही. पेट्रोलपंपावर त्यासाठी डबा ठेवलेला असतो. घाट चढून आलेल्या गाड्यांची बॉनेटं रस्त्याच्या कडेला उघडी असतात आणि कुणीतरी बाटली घेऊन उभं असतं. पण हे पाणी पेट्रोलसारखं खर्च होण्यासाठी नसतंच मुळी. इंजिनाची उष्णता उचलायची, रेडिएटरमध्ये ती वाऱ्यावर सोडायची आणि पुन्हा इंजिनाकडे वळायचं, असं ते एका बंद वाटेवर फिरत असतं. सगळं धड असेल तर महिनोन्महिने त्याची पातळी जिथल्या तिथे राहते. ती खाली जात असेल तर पाणी कुठूनतरी बाहेर पडतं आहे, आणि ती जागा सापडेपर्यंत वरून टाकलेला प्रत्येक तांब्या दुखणं झाकत राहतो. नुसता झाकत नाही, वाढवतोही. ते कसं, हे आत्याच्या गाडीनं मला फार नीट दाखवलं.

आत्या इंदूरला राजेंद्रनगरात राहते. मुलींच्या शाळेत तिनं आयुष्यभर विज्ञान शिकवलं आणि १९९६ साली स्वतःच्या पगारातून पांढरी मारुती ८०० घेतली. आमच्या नात्यातल्या बायकांमध्ये स्वतःची गाडी स्वतः चालवणारी ती पहिली. देवासची लग्नं, उज्जैनची श्राद्धं, धुळ्याचं आजोळ, सगळं या गाडीनं केलं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, कार्ब्युरेटर, ना एसी ना पॉवर स्टिअरिंग. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेलं हे मॉडेल जानेवारी २०१४ मध्ये बनायचं थांबलं, पण आत्याची गाडी अजून एका चावीत चालू होते.

इंदुरात जुन्या गाड्यांचा विषय निघाला की महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांच्या ड्यूसेनबर्गचं नाव हमखास निघतं. १९३० च्या दशकात तिची चॅसी अमेरिकेत घडली, बॉडी लंडनमध्ये चढली. तशा गाड्यांची निगा राखायला आज जगभर माणसं जीव ओततात, आणि ते योग्यच आहे. पण तेवढाच जीव आठशेवरही लावायला हवा असं मला मनापासून वाटतं. राजेंद्रनगर, लोकमान्य नगर, सुदामा नगर इथल्या किती घरांना या गाडीनं पहिल्यांदा आपल्या वेळेला, आपल्या मर्जीनं घाटापलीकडे नेलं! तिच्यासाठी संग्रहालय उभं राहणार नाही. ती चालती ठेवणं एवढंच आपल्या हातात आहे.

तर या गाडीचं पाणी कमी होऊ लागलं.

आत्याकडे गाडीची वही आहे. पेट्रोल किती भरलं, किलोमीटर किती झाले, ऑइल कधी बदललं, चाकांत हवा कधी भरली, सगळं तारीखवार, शाळेच्या हजेरीपटासारख्या तिरक्या नीटस अक्षरात. त्या वहीत ‘पाणी घातले’ ही नोंद वर्षानुवर्षं क्वचितच दिसते. गेल्या दिवाळीनंतर मात्र ती दर पानावर येऊ लागली होती. मी वही चाळत होते तेव्हा तिनंच बोट ठेवून दाखवलं.

“शहरात फिरले की पाणी लागत नाही बघ. महेश्वरला जाऊन आले की लागतं. उज्जैनला जाऊन आले की थोडंसं.”

हे वाक्य म्हणजे अर्धं निदान होतं. गाडी उभी असताना गळणारी भेग वेगळी आणि लांबच्या पल्ल्यानंतर, इंजिन पुरतं तापल्यावर गळणारी वेगळी. पहिली जमिनीवर डबकं करते. दुसरी दाब चढल्यावरच तोंड उघडते आणि गाडी थंड झाली की मिटते. महेश्वर नर्मदाकाठी, समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरच्या आसपास. इंदूर साडेपाचशेच्या आसपास. परतताना गुजरीच्या पुढे मानपूरपर्यंत गाडीला ही सगळी उंची दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढावी लागते, तीही निमाडच्या उन्हात. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा या फिरत्या पाण्याच्या वाट्याला येतो. घाटात इंजिन जास्त पेट्रोल पितं, गाडीचा वेग कमी असल्यानं समोरून वारा कमी लागतो, आणि पाण्यावरचा भार वाढतो. वहीतल्या नोंदींचा पॅटर्न हाच होता.

इथे दाबाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं काही उमजणार नाही. रेडिएटरचं झाकण म्हणजे साधं बूच नाही. त्याखाली स्प्रिंगवर बसलेली झडप असते आणि तिचं काम प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखं असतं: ठरलेल्या दाबापर्यंत वाफ-पाणी आत कोंडून धरायचं, दाब त्याच्या वर गेला तरच सोडायचं. आत्याच्या गाडीच्या झाकणावर ०.९ असा आकडा उठवलेला आहे, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा साधारण ०.९ बार जास्त दाब. इंदूरच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. एवढा दाब धरला की तेच पाणी ११५ अंशांच्या पुढे गेल्याशिवाय उकळत नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी पुरेसं तापलं की रेडिएटरकडची वाट मोकळी करणारी झडप, ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो, म्हणजे रोजचं कामच उकळबिंदूच्या फार जवळ चालतं. मधली सगळी सुरक्षितता झाकणानं धरलेल्या दाबाची असते. गळतीमुळे पाणी तर जातंच, पण हा दाबही जातो, आणि मग उरलेलं पाणी लवकर उकळायला लागतं. तापलेल्या गाडीचं झाकण उघडू नये, याचंही कारण हेच. झाकण फिरवताच दाब उतरतो, आतलं पाणी त्या क्षणी वाफ होऊन उसळतं आणि हात, चेहरा भाजून काढतं. इंजिनाला उघडा तळवा टेकवता येईल इतकं ते गार होऊ द्यावं, मगच झाकणाला हात लावावा.

त्या झाकणात आणखी एक छोटी झडप असते, उलट्या दिशेची. तापलेलं पाणी फुगून बाजूच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत गेलेलं असतं. इंजिन निवलं की आत पोकळी होते आणि ही झडप ते पाणी परत ओढून घेते. झाकणाचं रबर कडक झालं की पाणी परत ओढलं जात नाही, त्याजागी हवा शिरते. मग बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर अर्धा रिकामा असतो. बरेच जण फक्त बाटली बघून निश्चिंत होतात. म्हणून सकाळी, गाडी पूर्ण थंड असताना, झाकण उघडून रेडिएटरच्या गळ्यातच डोकावायला हवं.

आम्ही सगळ्यात आधी सगळ्यात वाईट शक्यता तपासली. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्याच्या डोक्यावरचं हेड यांच्यामधली बंदिस्त करणारी पट्टी, गेलं असेल तर पाणी सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये जातं, बाहेर थेंबही पडत नाही. ऑइलची काडी काढून पाहिली, ऑइलच्या झाकणाची आतली बाजू पाहिली. दुधाळ थर नव्हता. झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू केलं, रेडिएटरच्या गळ्यात बुडबुडे आले नाहीत. सायलेन्सरमधून पांढरा, रेंगाळणारा धूर नव्हता. आत्यानं हे सगळं स्वतः वाकून पाहिलं आणि मगच तिचा चेहरा सैल झाला. गाडी एकदा जरी जबर तापली असती तर ॲल्युमिनियमचं हेड वाकायची भीती, आणि मग खर्चाचा आकडा पाहून घरातले सगळे ‘आता विकून टाक’ म्हणायला मोकळे.

मग गाडीच्या आत. डॅशबोर्डखाली हीटरचा छोटा रेडिएटर असतो आणि त्यातूनही तेच पाणी खेळतं. तो गळला तर पायाखालचा गालिचा ओला होतो, काचेवर आतून चिकट धुकं धरतं. तिथे कोरडं होतं.

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरून ठेवला. सकाळी त्यावर ऑइलचा एक जुना ठिपका, बाकी काही नाही. हे अपेक्षित होतं. तापलेल्या धातूवर पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोहोचतच नाही, वाटेतच वाफ होऊन जातो. मागे राहतो तो डाग. पाण्यात कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रंगीत रसायन, असेल तर हिरवट किंवा गुलाबी खरवड, साधं पाणी असेल तर चुन्याचा पांढरा ओघळ, गंज मिसळला असेल तर तपकिरी. गळती शोधायची म्हणजे खरं तर हे डाग वाचायचे. आणि डाग नेहमी खालपासून वर वाचावे लागतात, कारण पाणी फुटलेल्या जागी थांबत नाही. ते पाइपाच्या पोटाखालून सरकतं, एखाद्या बोल्टाला अडतं, पंख्याच्या वाऱ्यानं मागे उडतं आणि भलत्याच ठिकाणी ओलं दिसतं.

झाकणाच्या रबराला चिरा गेलेल्या दिसत होत्या. नवं झाकण आणून लावलं. त्यानंतर आत्या उज्जैनला जाऊन आली आणि पाणी पूर्वीपेक्षा जास्त कमी झालं. समोरच्या घरातले काका म्हणाले, “नवीन झाकणच खराब निघालं असेल, जुनं बरं होतं.” मला मात्र ही चांगली खूण वाटली. जुनं झाकण पुरता दाब धरतच नव्हतं, त्यामुळे फुटकी जागाही दबून होती. नव्या झाकणानं दाब धरला आणि कमकुवत जागेनं तोंड उघडलं. जुन्या गाडीत एक भाग नवा घातला की लगेच दुसरा बोलू लागतो, याचा पुष्कळांना वैताग येतो. मला त्यात गाडी खरं सांगायला लागली असं वाटतं.

काकांचा पुढचा सल्ला हळदीचा होता. रेडिएटरमध्ये चमचाभर हळद टाकायची, गळती बंद होते. हा उपाय ट्रकवाल्यांमध्ये जुना आहे आणि तो खोटाही नाही. हळदीची पूड पाण्याबरोबर फिरते, बारीक भेगेशी गोळा होते, तिथे फुगून बसते. रात्री बिजासनच्या घाटात, जवळ गॅरेज नसताना, कुणी हळद टाकून सेंधवा गाठलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण हळदीला भेग आणि रेडिएटरची नळी यांतला फरक कळत नाही. रेडिएटरच्या नळ्या चपट्या आणि अरुंद असतात, हीटरच्या त्याहून बारीक. पूड तिथेही साचते. बाजारात मिळणाऱ्या गळती थांबवणाऱ्या बाटल्यांबद्दलही माझं हेच मत आहे. वाटेत अडकल्यावर वापरायच्या त्या वस्तू, घराच्या अंगणात नव्हेत. आत्यानं काकांना चहा दिला आणि हळद डब्यातच ठेवली.

इंदूरच्या नवलखा भागात एक गॅरेजवाले उस्ताद आहेत. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. वयानं आत्याहून थोडे लहान, आठशे आणि ओम्नी यांच्याखाली आयुष्य गेलेलं. बोलणं फार कमी. आम्ही गाडी नेली तेव्हा त्यांनी बॉनेट उघडलं आणि बराच वेळ कशालाही हात न लावता नुसतं पाहत राहिले. मग म्हणाले, “मैडम, पानी ऊपर से मत डालना अब। जितना है उतना रहने दो। देखना पड़ेगा।”

त्यांच्याकडे दाब तपासायचा हातपंप आहे. रेडिएटरच्या झाकणाच्या जागी तो बसवायचा, सायकलच्या पंपासारखा दाबायचा आणि काट्याकडे बघायचं. झाकणावर जेवढा आकडा तेवढाच दाब द्यायचा. जास्त दिला तर नसलेली गळती तयार होते. थंड इंजिनावर काटा ०.९ वर गेला आणि तिथेच उभा राहिला. उस्तादांनी मान हलवली, इंजिन सुरू करून पंखा लागेपर्यंत तापू दिलं, मग बंद करून जरा निवल्यावर जाड फडकं धरून पुन्हा पंप लावला. आता काटा हळूहळू उतरू लागला. धातू तापून पसरला होता, रबर मऊ झालं होतं, आणि कुठेतरी वाट मोकळी झाली होती. वहीनं जे सांगितलं तेच काट्यानं सांगितलं.

पण दिसेना काही. रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे रबरी नळी, कोरडा, खालचा कोरडा. रेडिएटर जुन्या पद्धतीचा, तांब्या-पितळेचा. त्याच्या सांध्यांवर पूर्वी कधीतरी झाळून डाग दिलेला होता आणि ते झाळकाम शाबूत होतं. हल्लीच्या रेडिएटरांना वरखाली प्लॅस्टिकच्या टाक्या असतात, त्यांना डाग देता येत नाही, तडा गेला की बदलणंच. वॉटर पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता त्या भोकातून बाहेर झिरपावं, म्हणजे वेळेवर कळावं, यासाठी. हे भोक मला यंत्ररचनेतल्या अतिशय समंजस गोष्टींपैकी एक वाटतं. बनवणाऱ्यानं आपला भाग एक दिवस निकामी होणार हे धरून ठेवलं आणि ते कळायची सोय आधीच करून दिली. उस्तादांनी तिथे बोट फिरवलं, कोरडं निघालं. ब्लॉकच्या कडेला ठोकून बसवलेल्या पत्र्याच्या गोल डम्या असतात, साध्या पाण्यानं त्या आतून सडतात; त्याही आरशात पाहून झाल्या. दंतवैद्याकडे असतो तसा लांब दांड्याचा आरसा त्यांनी त्यासाठी ठेवला आहे.

उरली इंजिनाच्या आडची जागा, जिथे हात जेमतेम पोहोचतो आणि डोळा पोहोचतच नाही. तिथून एक लोखंडी पाइप जातो, रेडिएटरकडून येणारं पाणी पंपाकडे नेणारा. त्याच्यावर इतकी वर्षांची धूळ आणि ऑइलचा लेप होता की डाग वाचायला जागाच नव्हती. उस्तादांनी रॉकेलच्या फडक्यानं तो भाग पुसून काढला, पण पुसल्यावर सगळंच ओलसर चकाकू लागलं.

तेव्हा आत्या म्हणाली, “खडूची पूड चालेल का?”

तिच्या पर्समध्ये खडू नव्हते, पण कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात होते. कागदावर खडू घासून बारीक पूड केली, पाइप नीट कोरडा केला, आणि उस्तादांनी ती पूड सगळ्या सांध्यांवर फुंकरीनं बसवली. पाइप पांढरा झाला. मग पुन्हा इंजिन तापवणं, पुन्हा पंप. आम्ही तिघं टॉर्च धरून वाकलो. बराच वेळ पांढरं ते पांढरंच. मग होज जिथे पाइपावर चढतो त्या क्लिपच्या मागून एक करडी रेघ उमटली, केसाएवढी. ती पाइपाच्या पोटाखालून सरकत गेली आणि पाइप धरून ठेवणाऱ्या पुढच्या कंसापाशी जाड झाली. पुढे ती जिथे पोहोचत होती तिथलं धातू इतकं गरम की थेंब होण्याआधीच तो वाफ होत होता.

“मिल गया,” उस्ताद म्हणाले, आणि आत्याकडे बघून त्यांनी हात जोडले. शिक्षिकेला विद्यार्थ्यांचा नमस्कार मिळतो तसा नव्हे. बरोबरीच्या कारागिराला करतात तसा.

होज काढल्यावर सगळं उघड झालं. पाइपाच्या टोकाला थोडा उठाव असतो, होज निसटू नये म्हणून. त्या उठावाच्या मागे, बरोबर रबराखाली, गंजानं पापुद्रे धरले होते. नखानं एक पापुद्रा काढला तर खाली टाचणीचं टोक जाईल असं छिद्र. बाहेरून क्लिप घट्ट, रबर ठीक, म्हणून कुणालाही संशय आला नसता. क्लिप अजून आवळली असती तर काही आठवडे गळती दबली असती आणि रबर कापलं गेलं असतं. पाइपाला दोष द्यायचं कारण नव्हतं. साध्या पत्र्याच्या त्या नळीनं जवळजवळ तीस वर्षं गरम पाणी वाहिलं होतं. तिला सडवलं ते पाण्यानं.

आणि इथे पुन्हा त्या तांब्याकडे यावं लागतं. इंजिनात लोखंड, ॲल्युमिनियम, तांबं, पितळ, झाळकामातला डाग, सगळं एकाच पाण्यात बुडालेलं असतं. असे वेगवेगळे धातू पाण्यानं जोडले गेले की त्यांच्यात विजेचा सूक्ष्म प्रवाह चालतो आणि त्यातला जास्त क्रियाशील धातू झिजत जातो. कूलंटमध्ये ग्लायकॉलबरोबर गंजरोधक रसायनं असतात ती यासाठी. ‘आपल्या इंदुरात कुठे पाणी गोठतं, कूलंट कशाला?’ हा प्रश्न मी नेहमी ऐकते. गोठण्याचा मुद्दा इथे नाहीच. इथे कूलंट हवं ते गंजासाठी आणि उकळबिंदू वाढवण्यासाठी. ती रसायनं काळानं संपतात, जुन्या हिरव्या प्रकारात दोनेक वर्षांत. आणि वरून साधं पाणी टाकत गेलं की उरलेलीही पातळ होतात. शिवाय प्रत्येक वेळी ताज्या पाण्याबरोबर नवा विरघळलेला प्राणवायू आत येतो, नवे क्षार येतात. गळती, म्हणून पाणी. पाणी, म्हणून गंज. गंज, म्हणून गळती. हे चक्र वर पाणी टाकून कधीच तुटत नाही.

पाण्याचा प्रश्न इंदूरला नवा नाही. आत्याच्या लहानपणी यशवंत सागर आणि बिलावलीच्या तलावावर शहर कसंबसं भागायचं. १९७८ साली नर्मदा आली, मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटर, टप्प्याटप्प्यानं पंपांनी विंध्याचा चढ चढवून. म्हणजे जो चढ गाडी घामाघूम होऊन चढते तोच चढ आपल्या नळाचं पाणी रोज चढतं. त्या पाण्याची किंमत आत्याच्या पिढीला आम्हा लोकांपेक्षा जास्त कळते. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, म्हणून ते पिण्याला, स्वयंपाकाला. बाकी सगळ्याला बोअरचं. गाडीच्या वाट्यालाही बोअरचंच यायचं. माळव्याच्या काळ्या खडकातलं ते पाणी जड. तापलं की त्यातले विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार खाली बसतात. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो तोच इंजिनातल्या वाटांवर चढतो आणि उष्णता अडवतो. नर्मदेचं पाणी त्या मानानं बरं, पण गाडीत तेही नको. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटरचा कॅन मिळतो, स्वस्त मिळतो.

पाइप मिळवणं सोपं गेलं नाही. पहिल्या दुकानात दाखवला तो नंतरच्या मॉडेलचा. कंसाचं भोक जुळत नव्हतं. दुकानदार म्हणाला, थोडा वाकवून घ्या. वाकवलेला पाइप सांध्यावर कायम ताण देत राहतो, म्हणून नको म्हटलं. शेवटी एका जुन्या दुकानात, मागच्या फळीवर, कागदात गुंडाळलेला बरोबर भाग निघाला. उस्तादांनी तो आतून टॉर्च टाकून तपासला, जुन्याच्या शेजारी ठेवून दोन्ही टोकं मापली आणि मगच गाडीखाली गेले.

बसवताना त्यांनी जी काळजी घेतली ती पाहण्यासारखी होती. पंपाच्या तोंडातला जुन्या ओ-रिंगचा, म्हणजे रबरी कड्याचा, अवशेष लाकडी काडीनं काढला, स्क्रूड्रायव्हरनं नाही, कारण ॲल्युमिनियमवर ओरखडा उठला की तीच पुढची गळती. बसकण बारीक पॉलिश पेपरनं साफ केली. नव्या ओ-रिंगला साबणाचं पाणी लावून पाइप सरळ आत सरकवला. ग्रीस किंवा ऑइल लावलं नाही, त्यानं हे रबर फुगू शकतं. दोन्ही टोकांचे होज नवे. जुबली क्लिप उठावाच्या मागे, होजच्या कडेपासून थोडी आत, आणि आवळताना रबर क्लिपच्या फटीतून वर यायच्या आत थांबायचं. शेजारी उभा असलेला त्यांचा पोरगा अजून आवळू का म्हणून विचारत होता. “बस,” एवढंच म्हणाले.

भरण्याआधी सगळी वाट धुऊन काढली. पहिल्यांदा निघालेलं पाणी विटकरी रंगाचं होतं. पुन्हा पुन्हा भरून, इंजिन चालवून, सोडून, शेवटी ते स्वच्छ निघू लागलं. मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, निम्मं-निम्मं. रंग बघून कूलंट विकत घेऊ नये. रंग कंपनी ठरवते, आतलं रसायन रंगावरून कळत नाही, आणि दोन वेगळ्या जातींची मिसळ केली तर कधी कधी त्यांचा गाळ होतो. बाटलीवरचा मजकूर वाचावा, एक प्रकार धरावा आणि तोच पुढे ठेवावा.

भरण्यातही घाई चालत नाही. आत हवा अडकली की त्या जागी पाणी पोहोचत नाही, आणि तापमानाचा काटा थंड दाखवत असताना हेड तापत राहतं. म्हणून गाडीचं नाक चढाकडे करून उभी केली, झाकण उघडं, हीटर पूर्ण गरमवर. हळूहळू ओतायचं, वरचा होज हातानं दाबायचा, बुडबुडे येऊ द्यायचे. इंजिन सुरू ठेवायचं. थर्मोस्टॅट उघडला की गळ्यातली पातळी अचानक खाली बसते आणि वरचा होज हाताला गरम लागतो. मग उरलेलं भरायचं आणि झाकण लावायचं. आत्या हा सगळा वेळ वही घेऊन शेजारी बसली होती आणि अधूनमधून काट्याकडे बघत होती.

निघालेलं पाणी गॅरेजवाल्यांनी सवयीनं गटारात ढकललं असतं. आत्यानं ते होऊ दिलं नाही. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेलं तर विषारी, मूत्रपिंडं निकामी करणारं. गल्लीतली कुत्री-मांजरं ते चाटतात. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण गळत्या गाडीच्या खाली रोज सकाळी डबकं दिसत असेल तर तो फक्त गाडीच्या मालकाचा प्रश्न राहत नाही. उस्तादांनी कॅन आणला, पाणी त्यात भरून झाकण लावलं आणि जुन्या ऑइलच्या पिंपांबरोबर वेगळं ठेवलं.

त्यानंतर आम्ही महेश्वरला गेलो, मी आणि आत्या, ती चालवत. परत येताना गुजरीच्या पुढे ट्रकांच्या रांगेमागे घाट चढलो. काटा मधल्या रेघेच्या थोडा वर गेला, पंखा लागला, काटा उतरला. मानपूरला चहाला थांबलो तेव्हा बॉनेट उघडून फक्त डोळ्यांनी बघितलं, झाकणाला हात लावला नाही. नव्या पाइपावर मी निघण्यापूर्वी खडूची पूड पुन्हा फुंकून ठेवली होती. ती कोरडी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी राजेंद्रनगरात गाडी गार असताना झाकण उघडलं. कूलंट गळ्यापर्यंत, बाटलीतली पातळी दोन खुणांच्या मधोमध.

हीटरकडे जाणारे दोन होज मात्र अजून जुनेच आहेत. उस्तादांनी ते चिमटीत दाबून पाहिले तेव्हा एक आतून नरम लागला. गळत नाही, पण पुढच्या उन्हाळ्याचा भरवसा नाही, असं त्यांचं म्हणणं. आत्यानं वहीत तसं लिहून ठेवलं आहे आणि चैत्राच्या आत ते काम करायचं ठरलं आहे. होज मी आणून ठेवले आहेत. या खेपेला पहिल्याच दुकानात बरोबर मापाचे मिळाले.